सापात करिअर असतं का?

आमच्या आपाचा मुलगा बारावी सायन्सला आहे. पावसाळा लागल्यापासून त्याच्या मोबाइलवर सापांशिवाय दुसरं काही नसतं. एक दिवस आपाला त्याच्या दप्तरात सळई वाकवून केलेला आकडा सापडला. तिने लगेच मला फोन लावला. "भाई, ये पोट्टा सापां पकडने जाता कते. तुमी जरा समजाव इसकू."

समजवायला म्हणून गेलो, तर त्यानेच मला पकडलं. "मामू, इतवार कू मीटिंग है. सापांमें करिअर क्या क्या है, वो बताने वाले हैं. तुमीबी चलो, फिर बोलो क्या बोलना है वो." आता करिअर हा शब्द आला की आमच्या घरात सगळेच गप्प होतात. मीही झालो आणि रविवारी त्याच्यासोबत गेलो.

उमरग्यात साप पकडणाऱ्या पोरांचा एक गट आहे. त्याला ना नोंदणी, ना पावती पुस्तक. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि चार-पाच मोटारसायकली, एवढीच त्यांची संस्था. बैठक एका क्लासच्या वरच्या खोलीत होती. खाली सतरंजी, भिंतीवर कालच्या त्रिकोणमितीचं अर्धं पुसलेलं गणित. वीस-पंचवीस पोरं असतील. दोन मुलीही होत्या, त्या मागे न बसता पुढे बसल्या होत्या. सांगायला तिघे आले होते: प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, सुट्टीच्या दिवशी आलेला एक वनरक्षक आणि पन्नाशीचे एक सर्पमित्र. या सर्पमित्रांच्या उजव्या हाताचं एक बोट घोणशीने नेलेलं. म्हणजे बोट आहे, पण सुकलेल्या शेंगेसारखं आत वळलेलं.

त्यांनी सुरुवात मण्यारपासून केली. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणाही नीट दिसत नाहीत. माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, बोलणं जड होतं, आणि शेवटी श्वास.

मी खाली मान घातली. माझी फुफी अशीच गेली. १९९३ चा ३० सप्टेंबरचा भूकंप झाला तेव्हा आमचं गाव उमरगा तालुक्यात होतं, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यातलं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही अजून पत्र्याच्या शेडमध्येच राहत होतो. खाली माती, आजूबाजूला पडक्या घरांचे दगड आणि त्या दगडांत उंदीर. फुफी पहाटे उठून म्हणाली, पोट पिळवटतंय. कोणी ओवा दिला. मग तिचे डोळे मिटायला लागले, तेव्हा घरातले म्हणाले, असर झाला, कुणाची तरी नजर. तिला दवाखान्यात न्यायच्या आधी एका झाडणाऱ्याकडे नेलं. त्याने फुंकर मारली, पाणी दिलं. दिवस उजाडून वर येईपर्यंत ती गेली. साप कोणी पाहिलाच नाही. आम्ही कितीतरी वर्षं तो मृत्यू भूकंपाच्या खात्यात टाकत होतो. तो मण्यार होता हे मला त्या रविवारी, तिसाहून जास्त वर्षांनी, त्रिकोणमितीच्या गणिताखाली बसून कळलं.

२०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेल्याचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे. प्राध्यापकांनी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, "आता बोला, या क्षेत्रात काम आहे की नाही?"

मग ते एकेक वाट सांगत गेले. त्यांची सुरुवात अर्थातच नीलिमकुमार खैरे यांच्यापासून. १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिलेला तरुण, आणि पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं करणारा माणूस. पोरांचे डोळे चमकले. प्राध्यापकांनी तिथेच टाचणी लावली. "७२ तास सगळ्यांना माहीत आहेत. त्यानंतरची चाळीस वर्षं कोणाला माहीत आहेत? पिंजरे धुणं, आजारी सापाला औषध देणं, नोंदवह्या भरणं. करिअर त्याला म्हणतात."

दुसरं नाव वरद गिरी यांचं. हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत होते. पाली, सरडे, बेडूक यांच्या कितीतरी नव्या जाती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून नोंदवल्या, आणि पालीच्या एका जातीला तर त्यांचंच नाव आहे. पालीचं नाव काढताच एक मुलगी खुदकन हसली. प्राध्यापक म्हणाले, हसू नका. नागावर सगळेच मरतात, पालीकडे बघायला कोणी नाही, म्हणून नवं तिथेच सापडतं. ही वाट धरायची तर बीएस्सी, मग डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट किंवा बंगळुरूचं एनसीबीएस. तिथे वन्यजीवशास्त्राचं एमएस्सी आहे, पण जागा मोजक्या आणि परीक्षा देशभराची.

तिसरी वाट आपल्या जवळची. लातूर जिल्ह्यात उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पाच-साडेपाच वर्षांचा कोर्स, प्रवेश नीटवर. गाई-म्हशी, शेळ्यांचा डॉक्टर होता होता प्राणिसंग्रहालयात, वनखात्याच्या उपचार केंद्रात जाता येतं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. उदगीर म्हणजे आपाच्या नजरेच्या टप्प्यातलं, एसटीने जाऊन येण्यासारखं. मी मनात त्याची नोंद केली.

चौथी वाट औषधाची. सापाचं इंजेक्शन म्हणतात ते कसं बनतं हे मला तरी माहीत नव्हतं. सापाचं विष अगदी थोड्या थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, मग त्याच्या रक्तातून ती वेगळी काढून शुद्ध करतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. मुंबईत परळला हाफकिन आहे. १८९९ मध्ये प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेली ती प्रयोगशाळा. सापाच्या लशीचं कामही तिथे वर्षानुवर्षं झालेलं. अशा ठिकाणी बायोकेमिस्ट लागतात, पशुवैद्य लागतात, लॅब टेक्निशियन लागतात, घोडे सांभाळणारेही लागतात.

एवढ्यात एका पोराचा फोन वाजला. कुणीतरी विहिरीजवळच्या खोलीत साप दिसला म्हणून फोटो पाठवला होता. फोटो हातोहात फिरला. निम्मी खोली म्हणाली घोणस, दोघे म्हणाले अजगराचं पिल्लू. मागे दाराशी एक मुलगा बसला होता, सतरा-अठराचा, अंगात रंग उडालेला टी-शर्ट. आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. त्याने फोटोकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "डुरक्या घोणस आहे. बिनविषारी. शेपूट बघा, तुटल्यासारखी आखूड. घोणशीच्या अंगावर साखळी असते, ही नुसती डागडागांची." सर्पमित्र दोन पोरांना घेऊन गेले. तासाभराने परत आले ते सांगतच की बरोबर होतं, सोडूनही आलो. घरमालकाने काय दिलं? शंभर रुपये, पेट्रोलला. तेही मागितले नव्हते.

मग वनरक्षक बोलायला उभा राहिला. तो नोकरीतला माणूस असल्यामुळे त्याचं बोलणं सगळ्यात कमी गोड होतं, म्हणूनच मला पटलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडणं, मारणं, जवळ ठेवणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग पहिल्या अनुसूचीत आला, म्हणजे शिक्षा तीन ते सात वर्षं. "तुम्ही लोकांच्या घरातून साप काढून सोडता, ते आम्ही चालवून घेतो, कारण आमच्याकडे माणसं नाहीत. पण रील काढलीत, नागाला गळ्यात घातलंत, दोन दिवस डब्यात ठेवलात, तर मीच पहिला गुन्हा दाखल करीन. आणि सर्पमित्र ही नोकरी नाही. पगार नाही." २०२५ च्या जुलैमध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना ओळखपत्र आणि १० लाखांचा अपघात विमा देण्याचं जाहीर केलं होतं. त्यावर एका पोराने विचारलं तर तो म्हणाला, विमा मेल्यावर मिळतो, बाळा, आधी जगायला काय आहे ते बघ.

खात्यात यायचं तर दोन दरवाजे. आरएफओ व्हायला एमपीएससी. वनरक्षक व्हायला बारावी पास, त्यात विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांतला एखादा विषय पाहिजे. मग परीक्षा आणि धावणं. मुलांना ५ किलोमीटर.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा तो दाराशी बसलेला मुलगा उठला. "सर, मी दहावी पास आहे. पुढे शिकलो नाही. साप मला येतो. लहानपणापासून येतो. माझे आजोबा गारुडी होते. मग माझ्यासाठी यातलं काय आहे?"

खोलीत कोणी बोललं नाही. प्राध्यापक चष्मा पुसायला लागले. आणि मला खरं सांगायचं तर लाज वाटली, कारण तो मुलगा मला माहीत होता. आमच्याच कब्रस्तानापलीकडच्या वस्तीतला. त्याचे आजोबाही मला आठवत होते.

आठवडी बाजारात ते डमरू वाजवत बसायचे. पुढे टोपली, टोपलीत नाग, बाजूला दोरीला मुंगूस. मुंगूस आणि नागाची लढाई लागणार म्हणून दोन तास लोक खिळून असायचे, ती लढाई काही कधी लागायची नाही, तोवर तावीज, अंगठीचे खडे आणि कसलीशी मुळी विकून व्हायची. नागपंचमीला हेच आजोबा टोपली घेऊन दारोदार जायचे. बायका नागाला हळदकुंकू वाहायच्या, वाटीत दूध ठेवायच्या. साप दूध पीत नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप पाण्यासारखं काहीही तोंडात घेतो, आणि पुष्कळदा त्याचे दात काढलेले असतात, तोंड शिवलेलं असतं. हे सगळं क्रूर होतं, त्यात शंका नाही. पण मला नेहमी गंमत वाटत आली की पंचमीचा नागोबा आमच्या गावातल्या हिंदू दारात यायचा तो एका मुसलमानाच्या टोपलीतून, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नसे. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत मुसलमान मदारी, गारुडी, सापवाले यांची वेगळी नोंदच आहे. आपल्यातले शिकलेले लोक मात्र त्यांना बिरादरीत धरत नाहीत. ईदला गळाभेट, लग्नाला नाही.

कायदा आला आणि पुढे त्याची अंमलबजावणी कडक होत गेली, तेव्हा ही टोपली बंद झाली. व्हायलाच हवी होती. पण टोपली काढून घेताना त्या हाताला दुसरं काय दिलं? आजोबांवर एकदा केस झाली, नाग जप्त झाला. मुलगा म्हणजे या पोराचा बाप हमाली करतो. आणि नातू मागे दाराशी बसून फोटोवरून जात ओळखतो.

यावर प्राध्यापकांनी इरुलांची गोष्ट काढली, आणि ती काढल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तामिळनाडूत इरुला नावाची आदिवासी जमात आहे. तीही सापावरच जगायची, साप पकडून कातडी विकायची. त्याच १९७२ च्या कायद्याने त्यांचंही पोट गेलं. पण तिथे रोम्युलस व्हिटेकर हा सापांचा अभ्यासक त्यांच्यात वावरत होता. त्याच्या मदतीने १९७८ मध्ये इरुलांची सहकारी सोसायटी निघाली. सरकारने परवाना दिला: ठरावीक साप पकडा, तीन-चार आठवडे ठेवून विष काढा, पोटाच्या खवल्यावर खूण करून परत सोडा. ते विष लस बनवणाऱ्या कंपन्या विकत घेतात. आज देशातल्या लशीसाठीचं बहुतेक विष तिथून येतं. त्यांच्यातले वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन हे दोघे, शाळेचं तोंडही न पाहिलेले, अमेरिकेत फ्लोरिडाला अजगर शोधून द्यायला गेले होते. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे कायदा तोच आणि सापही तेच. तिथे सोसायटी निघाली, आपल्याकडे केस झाली. शिवाय शास्त्रज्ञ आता सांगतात की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, त्यामुळे तामिळनाडूतल्या विषावर बनलेली लस सगळीकडे सारखी लागू पडेलच असं नाही. मग सहकाराचा एवढा डंका वाजवणाऱ्या महाराष्ट्राला दूध, साखर, सूत सगळ्याच्या सोसायट्या काढता आल्या, गारुड्यांची एक का नाही काढता आली? माझं मत विचाराल तर कारण सापात नाही. गारुड्यांची मतं किती आणि ती एका गावात टिकतात किती, हे पाहा.

हे सगळं ऐकून एका ओळखीच्याने मशिदीबाहेर मला विचारलं, साप वाचवणं दीनमध्ये बसतं का? मी आलिम नाही. सापाला मारण्याची परवानगी हदीसमध्ये आहे हे खरं, आणि मदिन्यात घरात निघालेल्या सापाला आधी तीन दिवस ताकीद द्या अशीही रिवायत आहे. मूसा अलैहिस्सलामच्या हातातली काठी साप झाली तेव्हा तेही भिऊन मागे वळले होते. पैगंबराला भीती वाटली, तर आपल्याला वाटण्यात कमीपणा काय? पण त्यांना पुढचा हुकूम तो साप धरण्याचाच झाला. एवढं मला माहीत आहे. बाकी मुफ्तींना विचारा.

घरी आल्यावर आपाने एकच प्रश्न केला. "साप पकडे तो पैसे कौन देता?" मी म्हणालो, कोणी नाही. "फिर?" मी तिला उदगीर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आकडा पलंगाखालून काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, नीट होईपर्यंत तुझ्याकडे ठेव. भाचा कुरकुरला, पण कबूल झाला. अट घातली की रविवारी नुसतं बघायला जाऊ द्यायचं. आकडा माझ्या कपाटात आहे. त्याच दिवशी मी बाजारातून दोन मच्छरदाण्या आणल्या, एक आपाकडे, एक आमच्याकडे. चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा मण्यारवर सगळ्यात स्वस्त उपाय आहे, असं त्या वळलेल्या बोटाच्या सर्पमित्रांनी सांगितलं होतं. फुफीच्या शेडमध्ये ती नव्हती.

त्या मुलाकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. वनरक्षकाशी आधी बोलून घेतलं होतं. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते, आर्ट्सला भूगोल घेतला की अट पुरी होते. धावण्याची काळजी नको, तो मुलगा रोज तसाही धावतोच. तो ऐकत होता, पण बाप म्हणाला, "भाईसाब, फारम तो भरेंगे. कास्ट का दाखला किधर से लाना?"

प्रश्न बरोबर होता. भटक्या जमाती 'ब'ला अडीच टक्के आरक्षण आहे. त्याचा फायदा घ्यायचा तर जातीचा दाखला पाहिजे, आणि दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधी हे कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा. आजोबा त्या काळात टोपली घेऊन गुलबर्गा, बिदर, सोलापूर असे फिरत होते. ते शाळेत गेले नाहीत, त्यांच्या नावावर जमीन नाही, घर तर नव्हतंच. बापाने ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीत रेशनकार्ड, पोराची दहावीची मार्कलिस्ट, आणि घडीवर फाटत आलेला एक जुना कागद होता. आजोबांच्या केसचा. नाव, वडिलांचं नाव, राहणार उमरगा, आणि पुढे स्वच्छ अक्षरात धंदा: गारुडी. घरातल्या सगळ्या कागदांत ते काय होते हे लिहिलेला एवढा एकच कागद. तारीख मात्र १९८४ ची.

तहसीलमधल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, कागद नसलेल्या भटक्यांसाठी गृहचौकशीचा मार्ग आहे. कर्मचारी घरी येतात, बोली, रीतिरिवाज, धंदा विचारतात, वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे जबाब घेतात. मी जबाब द्यायला तयार आहे. आजोबांचा डमरू मी ऐकलेला आहे, तो १९६१ च्या नंतर ऐकला ही माझी अडचण. माझ्याहून मोठं कोण उरलंय ते शोधतोय. मशिदीजवळ एक चाचा आहेत, नव्वदीला टेकलेले. त्यांना ऐकू कमी येतं, पण बाजारात मुंगूस सुटून त्यांच्या धोतरवाल्या मित्राच्या मांडीवर बसलं होतं, हे त्यांना अजून आठवतं. साल विचारलं की म्हणतात, पोलीस ॲक्शनच्या नंतर, माझ्या लग्नाच्या आधी. लग्नाचं साल त्यांच्या निकाहनाम्यात असणार. येत्या मंगळवारी त्यांच्या मुलाकडून तो बघायला मागितला आहे.